मागच्या पायरीवर दोघं

४ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी लाकूडवाल्यानं वर्षाच्या सुरुवातीला फुकट दिली होती. आजवर तीत फक्त मापं लिहिली. कुणाच्या खिडकीची, कुणाच्या कपाटाची. आज पहिल्यांदा वाक्यं लिहायला बसलोय. मन मोकळं करायला एकच माणूस होता, तो आजारी पडला. आणि जे बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच आहे.

दादाला आज घरी आणलं. हृदयाच्या दोन नळ्यांत जाळ्या बसवल्यात. दादा हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ, पण त्याच्या आधीपासून माझा मित्र. एकाच सुताराकडे दोघं शिकलो, दोघांनी मिळून फर्निचरचा कारखाना काढला, आणि मग मी त्याच्या बहिणीशी लग्न केलं. तिच्या तोंडी 'दादा' म्हणून सगळ्यांच्याच तोंडी दादा. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. कारखान्यावरच्या खोलीत एकटा राहतो. म्हणजे राहायचा. ही म्हणाली, आता तिथं नाही, आपल्याकडे.

हॉस्पिटलच्या बाकावर हिनं मला विचारलं होतं, "शुक्रवारी तुम्ही दोघं नक्की काय करत होतात?"

"टेबल उचलत होतो," मी म्हणालो.

टेबल सकाळीच उचलून झालं होतं. आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो, रोजच्यासारखे, सिगरेट ओढत. दादा म्हणत होता, घशाशी जळजळतंय. मी म्हणालो पित्त असेल, आणि खिशातली पित्ताची गोळी त्याला दिली. माझ्या खिशात ती कायम असते. गोळी चघळत चघळत त्यानं सिगरेट संपवली. ती पेटवून मीच दिली होती. त्याला घाम फुटला तेव्हाही मी म्हणालो, बस जरा, वाटेल बरं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास सुरू होऊन किती वेळ झाला? मी म्हणालो, लगेच आणलं.

तेही खोटं.

९ फेब्रुवारी, रविवार

घरात कायदे सुरू झालेत. टेबलावरची मिठाची डबी गेली. लोणी गेलं. तळणाची कढई माळ्यावर गेली. फ्रिजवर हॉस्पिटलचा कागद चिकटवला आहे, काय खावं आणि काय खाऊ नये. दादाच्या ताटाकडे ही अशी बघते की त्याचा घास घशातच अडकतो.

आज जेवताना हिनं आम्हा दोघांना समोर बसवून शपथ घ्यायला लावली. सिगरेट बंद. दोघांचीही. "तुमच्या कपड्यांना वास आला तरी त्याला आठवण होईल," मला म्हणाली.

दादा म्हणाला, "चिमणे, जावयाला कशाला शिक्षा? त्यानं काय केलं?"

मी भाजीत बघत राहिलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

शपथ एक दिवस टिकली. लाकडांच्या शेडमागे उभा राहून ओढली. मग हात थिनरनं धुतले आणि तोंडात लवंग टाकली. घरी ही म्हणाली, लवंग का चघळताय? म्हणालो, दाढ दुखते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा व्यायामवर्ग सुरू झाला. हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावर एक मोठी खोली आहे, तिथं हृदयाचे सगळे भिडू जमतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की चालायचं, वाजली की थांबायचं, मग छातीला चिकटवलेल्या तारांकडे ती बघणार. दादानं पहिल्याच दिवशी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं आणि अर्ध्या तासात सगळा वर्ग तिला तेच म्हणायला लागला, तिच्या तोंडावरसुद्धा. तिला काही वाटलं नाही.

टेम्पोनं नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे. मी भिंतीपाशी खुर्चीत बसून होतो. शिट्टीबाई म्हणाली, "काका, तुम्ही नुसते बसून काय करता? या की."

म्हटलं दाखवावं. दादा लाकडी खोक्यावर चढत-उतरत होता, मीही शेजारच्यावर चढलो. थोड्याच वेळात धाप लागली आणि मी खाली बसलो. दादा अजून चढत होता. सगळे हसले. भुसा गेलाय इतकी वर्षं छातीत, दुसरं काय होणार. शिवाय टेम्पोची सीट अशी आहे की बसूनच माणूस थकतो.

१० मार्च, सोमवार

वाचनालयाची ऑर्डर मिळाली. वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षात लांब टेबलं आणि बाकं. सांधे सगळे खिळ्याशिवाय बसवायचे. असे सांधे माझ्याच्यानं होतात, पण दादाचे बघितले की माझे मला बघवत नाहीत.

घरी दादाचा चेहरा दिवसेंदिवस उतरतोय. सकाळी खिडकीत बसतो तो दुपारी तिथंच असतो. ही त्याला पुस्तक आणून देते, तो पान उलटत नाही. परवा म्हणाला, "तुरुंगात निदान बाकीच्या कैद्यांशी बोलता येतं."

डॉक्टर म्हणाले होते, अजून काही दिवस काम नको. पण मी आज हिला न विचारता त्याला म्हणालो, "नुसता येऊन बस. लाकडाचा वास तरी घे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं स्वतःहून बूट घातले.

त्याच्या भल्यासाठी बोलावलं असं लिहिणार होतो. करवत बंद केली की कारखान्यात जी शांतता होते ती मला खायला उठते, म्हणून बोलावलं. आणि सांध्यांसाठी.

११ मार्च, मंगळवार

दुपारी चहा झाल्यावर दादा आपला आपण मागच्या पायरीवर जाऊन बसला. मी आतच घुटमळत होतो. त्यानं हाक मारली.

"शेडमागे ओढतोस ना? भुशात थोटकं दिसली."

मी दारात येऊन उभा राहिलो.

"चिमणीला नाही सांगत. इथं ओढ. एक झुरका मला दे. एकच."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात रे. तू रोज भेटतोस."

मी दिली. त्यानं डोळे मिटून एक झुरका घेतला आणि परत केली. मग तो बोलायला लागला. वाचनालयाची बाकं कशी करायची, पाठ किती कलती ठेवायची, ज्याच्याकडे शिकलो तो म्हातारा सुतार रंध्याला शिव्या कशा घालायचा. पोट धरून हसलो दोघं. इतक्या दिवसांनी.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. घरी येताना त्या आनंदाचीच लाज वाटत होती. ही दार उघडून म्हणाली, "आज दादा खुशीत दिसतोय. तुमच्यामुळे."

२१ मार्च, शुक्रवार

आता रोज अर्धी-अर्धी. तो म्हणतो अर्धीनं काही होत नाही. मी म्हणतो, हो.

लवंगेसाठी दाढदुखीचं नाटक केलं होतं ते माझ्यावरच उलटलं. डावीकडचा जबडा खरंच ठणकतो. टेम्पोत फळ्या चढवताना जास्त, बसलो की थांबतं. दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो काढला, हातोडीनं सगळे दात वाजवून बघितले आणि म्हणाले, दाढ ठणठणीत आहे. काय शिकतात हे लोक कुणास ठाऊक. खोटं बोललो त्याची शिक्षा असेल तर भोगली पाहिजे. लवंग चालू ठेवली आहे.

२८ मार्च, शुक्रवार

आज दादा म्हणाला, वर्गाला नाही जायचं, कंटाळा आला. मी टेम्पो वळवायला हवा होता हॉस्पिटलकडे. वळवला फुटबॉलच्या मैदानाकडे. गाडीवरून तळलेले बटाटे घेतले, मीठ भुरभुरून. काचा खाली करून खाल्ले आणि पोरांचा सामना बघितला. दादा गोलकीपरवर ओरडत होता. घरी सांगितलं, आज शिट्टीबाईनं जास्त दमवलं.

बुधवारीही असंच केलं होतं. लिहायचं टाळलं.

२ एप्रिल, बुधवार

शिट्टीबाईचा घरी फोन आला. काळजीनं केला होता बिचारीनं. तीन वेळा आले नाहीत, बरे आहेत ना?

आम्ही परतलो तेव्हा ही दारातच उभी होती. फोनबद्दल काही बोलली नाही. विचारलं, "कसा झाला वर्ग?"

मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "गेलो नव्हतो. मला नव्हतं जायचं. यानं खूप समजावलं, मीच ऐकलं नाही. तुला सांगू नको म्हणून मीच गप्प बसवलं त्याला."

माझ्याबद्दलचा एकही शब्द खरा नव्हता. मी मूग गिळून उभा राहिलो.

ही आत गेली. मी मागून गेलो तर बेसिनपाशी नळ सोडून रडत होती. म्हणाली, "आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वेण्या घालायचा माझ्या. वाकड्या असायच्या, पण घालायचा. त्याला काही झालं तर मला माहेर म्हणून काय उरतं?" मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून धीर आहे. तुमचं तरी ऐकेल तो. सांगा ना त्याला."

सांगतो, म्हणालो.

३ एप्रिल, गुरुवार

नाही सांगितलं. अर्धी-अर्धी ओढली.

७ एप्रिल, सोमवार

वर्गाला गेलो. ही बरोबर आली होती. शिट्टीबाईनं दादाला रागावलं नाही. फक्त विचारलं, "काका, तुम्हाला काय करता यायला हवंय? मला काय हवंय ते सोडा."

दादानं बराच विचार केला. म्हणाला, "वाचनालयाचा जिना. बाक घेऊन, मधे न थांबता."

"मग त्याचीच तयारी करू," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात वजनं दिली.

मग तिनं हिला बाजूला घेतलं. मी दोन हातांवर होतो, ऐकू येत होतं. ही सांगत होती की मी मीठ काढलं, लोणी काढलं, सतत लक्ष ठेवते तरी हा ऐकत नाही. शिट्टीबाई म्हणाली, "ताई, तुम्ही इतकं करताय की त्यांना करायला काही ठेवलंच नाही. एखादा दिवस स्वयंपाक त्यांनाच करू द्या. बिघडला तर बिघडू दे."

हिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं. हिची चूक एवढीच की ती जीव तोडून करते.

निघताना बाईनं मला जिन्यापाशी गाठलं. "घरात आणखी कुणी सिगरेट ओढतं का?"

"नाही."

"बरोबरचं माणूस ओढत असेल तर फार अवघड जातं हो. सोड म्हणून सांगणारे खूप असतात. बरोबर सोडणारं कुणी नसतं." माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाली, "तुम्ही जिना चढून आल्यावर कठड्याला धरून उभे होतात. एकदा तपासून घ्या."

म्हटलं, भुसा. आमच्या धंद्यात असतं.

तिला कळलंय. सिगरेटचं म्हणतोय.

१३ एप्रिल, रविवार

आज स्वयंपाक दादानं केला. सूप. भाज्या सुतारासारख्या कापल्या, सगळे तुकडे एका मापाचे, पण मीठ नाही आणि मिठाच्या जागी दुसरंही काही नाही. गरम पाण्यात गाजर पोहत होतं. आम्ही तिघं गंभीर चेहऱ्यानं चमचे तोंडात घालत होतो. शेवटी हीच फिस्सकन हसली. दादा म्हणाला, "हसू नकोस, पुढच्या रविवारी लसूण घालतो." ही म्हणाली, "लिंबूही घाल." तो उठून लिंबू घेऊन आला. दोनदा वाढून घेतलं त्यानं. घरात किती दिवसांनी कुणी तरी हसलं.

तो म्हणाला, मी आता माझ्या खोलीवर परत जातो, जेवण इथंच करीन, आठवड्यातून दोनदा मीच बनवीन. हिनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," म्हणाली.

२२ एप्रिल, मंगळवार

चहा झाला. पायरीवर बसलो. मी पेटवली, दोन झुरके घेतले आणि नेहमीसारखी त्याच्यापुढे धरली.

"नको," दादा म्हणाला.

"का रे?"

"कालपासून नको. काल वाचनालयात माप घ्यायला गेलो ना, तो जिना चढलो. मोकळ्या हातानंच, पण थांबलो नाही. वर पोचलो आणि छातीत नुसता श्वास होता. बाकी काही नाही." तो लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता. "विसरलोच होतो कसं असतं ते."

"छान," मी म्हणालो.

माझी सिगरेट संपेपर्यंत तो बसला आणि आत गेला. मी आणखी एक पेटवली. एकट्यानं ओढताना धुरालासुद्धा चव नसते.

काल जिन्यात मी त्याच्या मागे होतो. दोनदा थांबलो, बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं.

२५ एप्रिल, शुक्रवार

हे लिहू की नको असं झालंय.

गेले तीन दिवस चहानंतर दादा पायरीवर येतच नाही. कामाच्या ओट्यापाशीच बसतो, सफरचंद कापून खातो. मला हाक मारतो, ये, अर्धं घे. मी जात नाही. पायरीवर एकटा बसून आतल्या रंध्याचा आवाज ऐकतो. आज मला वाटलं, हा बरा होऊन मला सोडून चाललाय.

आणि मी पाकीट त्याच्या ओट्यावर ठेवलं. विसरलो नाही. ठेवलं. काडेपेटीसकट, त्याच्या पटाशीशेजारी, जिथं त्याचा हात दर मिनिटाला जातो तिथं. मग लाकूड आणायला जातो म्हणून टेम्पो घेऊन निघून गेलो. लाकूड आणायचं नव्हतंच. चौकात टेम्पो उभा करून बसून राहिलो.

परत आलो तेव्हा पाकीट तिथंच होतं. उघडून बघितलं. एक कमी होती.

मला बरं वाटलं. ते वाक्य लिहून ठेवतो, म्हणजे नाकारता येणार नाही. आधी बरं वाटलं, आणि मग मागे जाऊन ओकलो. त्या माणसानं माझ्या बायकोच्या वेण्या घातल्यात. त्यानं माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं. आणि मी त्याच्यापुढे सापळा मांडला.

दादानं दिवसभर मान वर करून बघितलंही नाही माझ्याकडे.

२८ एप्रिल, सोमवार

पाकीट गटारात टाकलं. दुपारी नवीन आणलं.

५ मे, सोमवार

बाकं तयार. पॉलिश आरशासारखं आलंय. दादा परत माझ्याशी बोलतो, पण 'तुम्ही' म्हणून. "जावईबुवा, तुम्ही तेवढा दोर पकडा." तो चिडला की असं बोलतो. मी विचारत नाही का ते.

पित्त फार वाढलंय. गोळ्यांनी उतरत नाही. उद्या माल पोचवायचा.

९ मे, शुक्रवार

हॉस्पिटलमधून लिहितोय. डायरी हिनं आणून दिली. उघडली नाहीये असं म्हणाली, आणि ही खोटं बोलत नाही.

मंगळवारी वाचनालयात एकेक बाक वर नेत होतो. दादा पुढे, मी मागे. पहिली दोन नेली. तिसऱ्याला जिन्याच्या वळणावर माझा जबडा ठणकायला लागला. मग घसा जळायला लागला, मग डावा हात जड. म्हणालो, "दादा, जरा ठेव. पित्त."

त्यानं वळून बघितलं. मला घाम फुटला होता. त्यानं बाक सोडलं. दादानं, जो लाकडाला ओरखडा पडला तर दोन दिवस जेवत नाही, त्यानं ते पॉलिश केलेलं बाक तसंच हातातून सोडलं आणि ते माझ्या कडेनं जिन्यावरून दाणदाण आपटत खाली गेलं.

"पित्त नाही हे," तो म्हणाला. "मला माहीत आहे हे काय आहे."

"दोन मिनिटं बसतो. वाटेल बरं."

"गाढवा, मी पण बसलो होतो!"

ओरडला तो. वाचनालयातली माणसं बाहेर आली. त्यानं स्वतःच्या खिशातून ॲस्पिरिन काढून माझ्या तोंडात घातली, चाव म्हणाला. ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल म्हणाले तेव्हा मला दोघांच्या मदतीनं टेम्पोत घातलं आणि स्वतः चालवायला बसला. वाटेत सारखा विचारत होता, ऐकतोयस ना? बोलत राहा. मी काय बोलत होतो आठवत नाही. दादा म्हणतो, मी सारखा 'पाकीट, पाकीट' म्हणत होतो.

एक जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, कित्येक आठवड्यांपासून त्रास असणार, तुम्हाला काहीच कसं जाणवलं नाही?

मी म्हणालो, दाढ दुखत होती. त्यांना वाटलं औषधाच्या गुंगीत बडबडतोय.

११ मे, रविवार

आज हिला सगळं सांगितलं. पायरी, गोळी, लगेच आणलं नव्हतं ते, अर्धी-अर्धी, मैदान, पाकीट. दादा खिडकीपाशी उभा होता. त्यानं मधे "राहू दे ना आता" म्हणून बघितलं. मी थांबलो नाही. आज सांगितलं नसतं तर पुन्हा कधी सांगितलं नसतं.

ही ऐकत होती. संत्रं सोलत होती, ते सोलायचं थांबलं. शेवटी फक्त म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं, त्याला समजवा म्हणून."

"हो."

"आणि तुम्ही 'सांगतो' म्हणालात."

"हो."

संत्रं माझ्या टेबलावर ठेवून ती निघून गेली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादा मागे राहिला. मी त्याला विचारलं, "त्या दिवशी ओढलीस ना? मी पाकीट ठेवलं तेव्हा."

"ओढली. अर्धी. मग विझवली. तू मुद्दाम ठेवलंस ते कळलं होतं मला."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"हात उचलला असता तुझ्यावर." तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. "संध्याकाळी खोलीवर बसून डोकं शांत झालं तेव्हा वाटलं, हा एकटा पडलाय. मग वाटलं, पडू दे. मी पण काही संत नाही."

जाताना संत्र्याची उरलेली साल काढून फोडी माझ्या हातात दिल्या.

१९ मे, सोमवार

घरी आलो. ताट समोर येतं, औषधं वेळेवर येतात, बोलणं कामापुरतं. ही 'अहो' म्हणत नाही, नुसतं 'हे घ्या' म्हणते. तक्रार नाही. माझ्या ताटाकडे ती बघत नाही. दादाच्या ताटाकडे डोळ्यांत तेल घालून बघायची तेव्हा तो वैतागायचा. न बघणं काय असतं ते त्याला माहीत नाही.

सिगरेट ओढलेली नाही. त्यात माझं कौतुक काही नाही. बाहेर जायला पायांत बळच नाही.

२ जून, सोमवार

व्यायामवर्गाचा माझा पहिला दिवस. दादाचा कोर्स गेल्या महिन्यातच संपला, तरी तो टेम्पो घेऊन दारात हजर. मी बूट घालत होतो. ही आतून आली. पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मैदानावर गेलात तर परत येऊ नका. दोघंही," म्हणाली.

माफ केलं असं नाही. पण दोन वाक्यं बोलली.

शिट्टीबाईनं मला बघून आश्चर्य दाखवलं नाही. "या काका," एवढंच म्हणाली आणि माझ्या छातीवर तारा चिकटवल्या. मग शिट्टी. खोलीला फेऱ्या मारायच्या होत्या. मी मुंगीच्या पावलांनी निघालो. दादा शेजारी चालत होता, लांब टांगा टाकणारा माणूस, माझ्यासाठी पावलं आखडती घेत. तो माझ्यासाठी हळू चालतोय हे बघवेना. म्हटलं, तू हो पुढे. तो झाला नाही.

दुसऱ्या फेरीला तलफ आली. अशी की तोंडाला पाणी सुटलं, हात आपोआप खिशाकडे गेला. विचारलं, "दादा, तुला अजून येते का रे तलफ?"

"रोज. चहा झाल्यावर."

"मग काय करतोस?"

"तुझ्यावर चिडतो," तो म्हणाला. "ते पाकीट आठवतो, तुला मनसोक्त शिव्या घालतो. तोवर निघून जाते."

शिट्टीबाई तारांकडे बघत होती.

"आणि मी कुणावर चिडू?" मी विचारलं.

दादानं माझ्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, "वळण आलं. बघून चाल."